दूरशिक्षणाचा ऑनलाइन पेपर पहिल्यांदाच तयार करताय?

विभागप्रमुखांचा निरोप साधारण असा येतो: "तुमचा पेपर आता ऑनलाइन जाणार आहे. दिवाळीपर्यंत साहित्य तयार ठेवा." पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. मग बहुतेक जण वर्गातली तासाची व्याख्यानं कॅमेऱ्यापुढे परत देतात, जुन्या नोट्सची पीडीएफ चढवतात आणि हात झटकतात. पहिल्या महिन्यात निम्मे विद्यार्थी दिसेनासे झाले की दोष खेड्यातल्या नेटवर्कवर जातो.

पदवीच्या अर्थशास्त्राचा मराठी माध्यमातला पेपर मी असाच शून्यापासून उभा केला आणि पुढे चालवलाही. त्यावरून बनलेलं माझं मत ठाम आहे. दूरस्थ विद्यार्थ्याकडे वाचायला-बघायला भरपूर असतं. त्याला कमी पडतो वेळ, आणि विचारलेल्याचं उत्तर देणारं माणूस. म्हणून या लेखात चित्रीकरणाला जागा थोडी आहे, वेळापत्रकाला आणि शेऱ्यांना जास्त.

१. आधी नियम वाचा

विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त व दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांचे नियम २०२० साली काढले. त्यांत दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत. दूरस्थमध्ये अभ्यासकेंद्र, संपर्कसत्रं आणि स्वयं-अध्ययन साहित्य असतं. ऑनलाइनमध्ये शिकवणं, शंका, गृहपाठ सगळं इंटरनेटवरून चालतं. तुमचा पेपर कोणत्या प्रकारात मंजूर झालाय ते तोंडी विचारू नका, कागद मागा. यावर पुढचं सगळं ठरतं.

एवढं लक्षात असू द्या:

- एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. चार श्रेयांकांचा पेपर असेल तर १२० तास.
- अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के, सत्रांत परीक्षा किमान ७० टक्के.
- ऑनलाइन साहित्याचे चार भाग लागतात: व्हिडिओ किंवा ऑडिओ, वाचनाचं साहित्य, स्वतः तपासण्याच्या चाचण्या आणि शंका-चर्चेची जागा. 'स्वयम्' हे सरकारी पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं, त्याची घडणही हीच.
- वैद्यकीय, नर्सिंग, वास्तुकला अशा विषयांच्या पदव्या या मार्गाने देता येत नाहीत.

२. विद्यार्थी कोण आहे ते शोधा

वर्गातला विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून लिहायला बसलात तर पहिलं पानच चुकतं. इथे एसटीचा वाहक असतो, अंगणवाडी सेविका असते, लग्नानंतर शिक्षण सुटलेली आणि मुलगी दहावीला गेल्यावर परत सुरू करणारी आई असते. घरात स्मार्टफोन एकच, आणि संध्याकाळी तो पोरांच्या हातात.

आधीच्या तुकडीची यादी मागून वीस-पंचवीस जणांना फोन करा. गूगल फॉर्म पाठवून भागत नाही, कारण जो फॉर्म सहज भरतो त्याची अडचण मुळात कमी असते. पाच प्रश्न पुरतात: अभ्यासाला कुठल्या वेळी बसता? फोन स्वतःचा की घरातला? दिवसाचा डेटा किती वाजता संपतो? शेवटची परीक्षा कोणत्या साली दिली? मराठी टाइप करता येतं का?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. रोजचा डेटा रात्री बाराला नव्याने मिळतो, म्हणून कितीतरी जण पहाटे उठून व्हिडिओ बघतात. रात्री नऊला थेट सत्र ठेवणाऱ्याला हे ठाऊक हवं.

३. १२० तासांचा हिशेब मांडा

ही पायरी गाळायचा मोह फार होतो. गाळू नका.

सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला आठ तास पडतात. नोकरी-घर सांभाळून म्हणजे रोज एक तास आणि रविवारी दोन. त्या आठ तासांची वाटणी साधारण अशी करा: वाचन तीन तास, व्हिडिओ-ऑडिओ एक, सराव दोन, गृहपाठ दीड, चर्चा अर्धा. मराठीतलं पाठ्यपुस्तकी एक पान समजून, टिपणं काढत वाचायला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याला तीसच पानं. तुमच्या नोट्स साठ पानांच्या असतील तर निम्म्या काढाव्या लागतील. इथे प्राध्यापकांचा जीव तुटतो. पण तुम्ही काढल्या नाहीत तर विद्यार्थी त्या आपल्या मनाने काढेल, आणि नेमकी महत्त्वाची पानं सोडेल.

आता हे १५ आठवडे खऱ्या कॅलेंडरवर ठेवून बघा. जून-जुलैत पेरणी. गणपती, नवरात्र, दिवाळी. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निवडणूक लागली की शिक्षक आणि अंगणवाडी सेविका ड्युटीवर. म्हणून सत्राच्या मध्यावर एक आठवडा पूर्ण मोकळा ठेवा आणि त्याला 'राहिलेलं भरून काढा' असं नाव द्या. माझ्या पेपरात सगळ्यात जास्त वापरला गेलेला आठवडा हाच.

गृहपाठाची अंतिम वेळ रविवारी रात्री ठेवू नका. रविवारी रात्री सर्व्हर अडला तर मदतीला कोणी नसतं. मंगळवारी संध्याकाळी सहा ही वेळ बरी. रविवारी लिहून होतं, सोमवारी अडचण कळते आणि मंगळवारी कार्यालय उघडं असतं.

४. घटक लिहा: समोर माणूस बसलाय असं समजून

जर्मनीतल्या हागेनच्या दूरशिक्षण विद्यापीठात काम केलेले बॉरिए होल्मबर्ग यांचा आग्रह होता की दूरशिक्षणातला छापील मजकूरसुद्धा शिक्षकाने विद्यार्थ्याशी केलेल्या गप्पांसारखा असावा. ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसलं की हात आपोआप 'होय'कारांत वाक्यांकडे वळतो:

"किमतीतील शेकडा बदलाच्या प्रमाणात मागणीत होणारा शेकडा बदल म्हणजे मागणीची किंमत-लवचिकता होय."

वाक्य बरोबर आहे आणि परीक्षेत लिहायलाही लागेल, पण ते पहिलं नको. त्याआधी हे:

"कांदा २० रुपये किलो होता, ३० झाला. तुमच्या घरी आठवड्याला दोन किलो लागायचा, आता दीड किलोत भागवता. किंमत किती टक्क्यांनी वाढली? तुमची मागणी किती टक्क्यांनी घटली? दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. पुढे वाचण्याआधी वहीत करा."

किंमत ५० टक्के वाढली, मागणी २५ टक्के घटली, उत्तर ०.५. ते वहीत आलं की 'कमी लवचीक मागणी' ही व्याख्या खाली वाचताना माणूस मान डोलावतो. मग मिठाचं काय होईल ते त्यालाच विचारा.

प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात. 'समजून घेणे', 'माहिती होणे' असली क्रियापदं टाळा, कारण समजलं की नाही हे घरी बसलेल्याला तपासता येत नाही. 'दोन किमतींवरून लवचिकता काढता येईल' हे तपासता येतं. दर दोन-तीन पानांनंतर 'स्वतः तपासा'चे दोन-तीन प्रश्न द्या. उत्तरं घटकाच्या शेवटी द्या, आणि चुकीचं उत्तर येण्यासारखं असेल तर ते का येतं तेही लिहा.

परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडून ठेवा. एकाच पेपरात तीन लेखक असले की एक 'उपभोक्ता' लिहितो, दुसरा 'ग्राहक', आणि विद्यार्थी दोन वेगळ्या गोष्टी समजतो. पहिल्याच दिवशी शंभरेक संज्ञांची एक यादी करा आणि ती सगळ्यांनी पाळा.

आणि फॉन्ट! जुन्या नोट्स श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. पीडीएफ दिसायला झकास, पण त्यात शब्द शोधता येत नाही, मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं उमटतात, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर त्यातून काहीच वाचू शकत नाही. सगळं युनिकोडमध्ये आणा. रूपांतराची साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे नंतर मुद्रितशोधन लागतंच. त्याचे दिवस वेळापत्रकात धरा.

५. व्हिडिओ: थोडा, छोटा, हलका

इथे पैसा सर्वांत जास्त जातो आणि माझ्या मते उगाच जातो. एडेक्स या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संकेतस्थळाच्या चार कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, प्रेक्षक टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही, असं त्यात दिसलं. महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा शिक्षकाने साध्या टेबलाशी बसून केलेलं चित्रीकरण लोकांना जास्त धरून ठेवतं, असंही त्यात आढळलं. तेव्हा दीपप्रज्वलन, मान्यवरांचं स्वागत आणि फिरतं बोधचिन्ह यांना रजा द्या. पहिल्याच वाक्यात प्रश्न टाका.

वजनाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ५०० किलोबिटने साठवलेला सहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे २२ एमबी होतो. तोच चार मेगाबिटने साठवला तर १८० एमबी. नुसता आवाज ६४ किलोबिटने तीन एमबीच्या आत बसतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत त्याचा ऑडिओ आणि लिहिलेली संहिता ठेवा. कारखान्यात जाता-येता बसमध्ये ऐकणारे बरेच असतात. अट एकच: आकृती दाखवताना "हे बघा, ही इथून इकडे गेली" असं बोलू नका. "मागणीची रेषा उजवीकडे सरकली" असं बोला, म्हणजे ऐकणाऱ्यालाही कळतं.

लागणारी साधनं:

- बऱ्यापैकी फोन, ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक. कॅमेऱ्यापेक्षा माइकवर खर्च करा.
- पंखा बंद करता येईल अशी खोली. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग नको.
- स्लाइड तपासायला स्वस्तातला जुना फोन. त्यावर अक्षर वाचता आलं तर ठीक, नाहीतर अर्धा मजकूर उडवा.

व्हिडिओत परीक्षेची तारीख, 'मागच्या रविवारी', 'यंदाचा अर्थसंकल्प' असलं काही बोलू नका. पुढच्या वर्षी तो भाग कापताना वैताग येतो.

६. मूडलवर मांडणी

बहुतेक विद्यापीठांत मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर सापडतं. ते घडवणारे मार्टिन डुगियामास लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात राहायचे आणि रेडिओवरच्या शाळेत शिकले. दूरशिक्षणाचा विद्यार्थी राहिलेल्याने बनवलेलं साधन आहे हे. तरी आपण त्याचा वापर बहुधा फाइली ठेवायचं कपाट म्हणून करतो.

साहित्याच्या प्रकारानुसार कप्पे करू नका. 'व्हिडिओ', 'नोट्स', 'चाचण्या' असे तीन ढीग समोर आले की आज काय करायचं ते कळत नाही. आठवड्यानुसार विभाग करा आणि प्रत्येक आठवड्यात क्रम तोच ठेवा: वाचा, बघा किंवा ऐका, स्वतः तपासा, विचारा. प्रत्येक वस्तूपुढे लागणारा वेळ लिहा: '३.२ वाचा: मागणीचा नियम (४० मिनिटं)'. काम झाल्यावर खूण पडण्याची सोय चालू करा. त्या खुणांचा आधार विद्यार्थ्याला असतो, तसा तुम्हालाही. मूडलच्या ॲपवर साहित्य उतरवून नेटशिवाय वाचता येतं, हे पहिल्याच आठवड्यात दाखवून द्या.

मराठी चाचण्यांतला एक खास सापळा आहे. रिकाम्या जागा भरायचा प्रश्न संगणकाकडून तपासून घेतलात तर तो 'लवचीक' बरोबर धरेल आणि 'लवचिक'ला शून्य देईल. देवनागरीतला १२ आणि इंग्रजी आकड्यांतला बारा हेही त्याच्या लेखी वेगळे. एकतर सगळी संभाव्य रूपं उत्तरांत भरा, नाहीतर बहुपर्यायी प्रश्न द्या. आकडेमोडीच्या प्रश्नांत उत्तर कुठल्या आकड्यांत लिहायचं ते प्रश्नातच सांगा.

७. पहिले दोन आठवडे

ऑनलाइन शिकण्याच्या पाच पायऱ्या शिक्षणतज्ज्ञ गिली सॅमन यांनी मांडल्या आहेत. पहिली पायरी आत शिरता येणं आणि उमेद, दुसरी ओळखपाळख. माहितीची देवाणघेवाण तिसरीवर सुरू होते. आपण मात्र पहिल्या दिवशी घटक एक उघडतो.

पहिल्या आठवड्यात विषय नकोच. कामं तीन: लॉगिन करणं, चर्चेत आपलं गाव आणि अभ्यासाची वेळ लिहिणं, वहीच्या कोऱ्या पानाचा फोटो गृहपाठाच्या जागी चढवून बघणं. गुण नाहीत. हे तिसरं काम क्षुल्लक वाटेल, पण पुढे गृहपाठाच्या शेवटच्या दिवशी येणारे निम्मे फोन त्याने वाचतात.

याच काळात कागदपत्रांच्या अडचणी डोकं वर काढतात. प्रत्येकाकडे हे आहे का ते बघा:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि आधार, दोन्हींवर नाव सारखं
- डिजिलॉकरमधून काढलेला एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या सरकारी खात्याचा क्रमांक), आणि त्यावरून मिळणारा डीईबी आयडी (अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक)
- कायम नोंदणी क्रमांक, कागदावर लिहून ठेवलेला
- स्वतः उघडता येणारा ईमेल (सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याकडेच असलेला नव्हे)
- सत्रभर चालू राहील असा मोबाइल नंबर

नावाचा घोळ सर्वांत जास्त बायकांच्या बाबतीत होतो. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागू शकते, आणि त्याला आठवडे जातात. निकालाच्या वेळी हे निघालं तर वर्ष अडकतं, म्हणून आत्ताच विचारा.

सातव्या दिवशी ज्यांनी लॉगिन केलेलं नाही त्यांची यादी काढून फोन करा. मेसेज नको, फोनच. "सर, माझं होईल का हो आता?" असा प्रश्न फोनवरच विचारला जातो. चर्चेच्या पानावर तो कोणी लिहीत नाही.

८. गृहपाठ आणि शेरे

तुमच्याकडे वेळ कमी असेल तर व्हिडिओ निम्मे करा, पण ही पायरी पूर्ण करा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले. लोकांच्या लक्षात राहिले ते बीबीसीवरचे अवेळी लागणारे कार्यक्रम. पण शिकवण्याचा मोठा भार उचलत होते टपालाने येणारे गृहपाठ आणि त्यांवर सविस्तर शेरे लिहिणारे ट्यूटर.

'ठीक', 'सुधारणा आवश्यक', '७/१०' यांतून घरी बसलेल्याला काहीच कळत नाही. मी संमंत्रकांना, म्हणजे गृहपाठ तपासणाऱ्या शिक्षकांना, तीन ओळींचा नमुना दिला होता. काय जमलं ते जागा दाखवून सांगायचं, एकच दुरुस्ती सांगायची, आणि पुढे काय करायचं ते सांगायचं. असं:

"दुसऱ्या प्रश्नात दुधाचं उदाहरण तुम्ही स्वतः शोधलंत, ते नेमकं आहे. टक्के काढताना नव्या किमतीने भागलंय, जुन्या किमतीने भागायला हवं होतं. घटक ३ मधलं कांद्याचं उदाहरण परत सोडवा आणि हाच प्रश्न पुढच्या गृहपाठाबरोबर पुन्हा पाठवा."

एकावेळी एकच दुरुस्ती. लाल शाईने भरलेला कागद बघून पुढचा गृहपाठ येतच नाही. आणि शेरा दहा दिवसांत पोचला पाहिजे, नाहीतर विद्यार्थी पुढच्या घटकात गेलेला असतो आणि मागे वळत नाही. एका संमंत्रकाकडे तीसच्या वर वह्या गेल्या की हे जमत नाही. त्याचं मानधन अंदाजपत्रकात आधी लिहा, स्टुडिओचं नंतर.

हाताने लिहिलेलं स्वीकारा. मराठी टाइप करण्याची सक्ती केलीत तर तुम्ही अर्थशास्त्र तपासत नाही, टायपिंग तपासता. पानांवर क्रमांक टाकून, स्कॅनच्या ॲपने एकच पीडीएफ करून पाठवायला शिकवा.

नक्कल रोखण्याचा माझा उपाय प्रश्नातच असतो. 'लवचिकतेचे प्रकार स्पष्ट करा' याचं उत्तर झेरॉक्सच्या दुकानात मिळतं, हल्ली फोनवरचा चॅटबॉटही देतो. 'तुमच्या आठवडी बाजारात या महिन्यात ज्या दोन भाज्यांचे भाव बदलले त्यांची खरेदी तुमच्या घरी किती बदलली ते आकड्यांसह लिहा' याचं उत्तर बाजारात गेल्याशिवाय लिहिणं कठीण. तपासायलाही मजा येते.

९. थेट सत्रं आणि व्हॉट्सॲप

थेट सत्रात व्याख्यान देऊ नका, ते रेकॉर्ड झालेलं आहेच. प्रश्न आधी मागवा, त्यांतले चार-पाच सोडवा आणि ४५ मिनिटांत उठा. रविवारी सकाळी एक आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी रात्री एक, असं आलटून-पालटून ठेवा. हजेरीला गुण ठेवले तर लोक लॉगिन करून फोन बाजूला ठेवतात.

व्हॉट्सॲप टाळता येणार नाही, पण साधा ग्रुप काढू नका. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि त्याचा त्रास विद्यार्थिनींना होतो. नंबर झाकलेले राहतील असं चॅनेल काढा आणि त्यावर सूचनाच टाका. विषयातली शंका आली तर तिचं उत्तर मूडलच्या चर्चेत लिहून दुवा पाठवा, म्हणजे पुढच्या तुकडीलाही ते सापडतं. तुमच्या उत्तराच्या वेळा जाहीर करा आणि पाळा. रात्री अकराला एकदा उत्तर दिलंत की रोज अकराला फोन वाजतो.

१०. परीक्षेआधी आणि पुढच्या तुकडीआधी

परीक्षेच्या तीन आठवडे आधी एक सराव प्रश्नपत्रिका घड्याळ लावून हाताने लिहायला सांगा. पंधरा-वीस वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्याचा हात तीन तास चालत नाही. विषय येत असूनही पेपर अपुरा राहतो.

निकालानंतर मूडलमधल्या खुणा काढून बघा: कुठल्या आठवड्यात लोक थांबले, कुठल्या चाचणीत एकाच प्रश्नावर सगळे अडले. त्या प्रश्नाचा घटक पुन्हा लिहा, बाकीच्याला हात लावू नका. दर वर्षी दोन घटक नीट केले तरी पुरे. विभागप्रमुखांनी सगळं साहित्य नव्याने चित्रित करायला सांगितलं, तर त्यांच्यापुढे या खुणांचा तक्ता ठेवा आणि त्या पैशांत आणखी दोन संमंत्रक मागा.